ज्योतीरामला बोट लागली

अर्जुनच्या लग्नाला बोटीने जायचं ठरलं, तेव्हापासून ज्योतीरामने ही बातमी ज्याला सांगितली नाही असा माणूस चिखलीत उरला नव्हता. देवळापुढे बसला की, न्हाव्यापुढे बसला की, अगदी कुणाच्या मयतीला जाऊन बसला तरी बोलणं फिरून फिरून समुद्रावर यायचं. खरं तर त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. पण पुरातली इंद्रायणी पोहून गेलेल्या माणसाला समुद्राचं काय एवढं, असं त्याचं म्हणणं होतं.

अर्जुन मूळचा जयगडजवळच्या एका वाडीतला. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा तो आणि ज्योतीराम बरोबरच कामाला लागले. कोकणातून आलेलं हे पोर भाताविना सुकत चाललंय असं पाहून ज्योतीराम एक दिवस त्याला जेवायला घरी घेऊन आला आणि मग ते पोर रोजच यायला लागलं. गवराबाईने त्याला बाजरीची भाकरी खायला शिकवलं. त्याने तिला माशाचं कालवण शिकवायचा प्रयत्न केला, पण तो पहिल्याच दिवशी सोडून द्यावा लागला.

अर्जुनला आईवडील नव्हते. विधवा आत्याने त्याला वाढवलं होतं. लग्न ठरल्यावर तो एका संध्याकाळी जेवण झालं तरी उठेना. ताटात बोटाने रेघा ओढत म्हणाला, "वहिनी, लग्नात आईबापाच्या जागी जोडपं बसायला लागतं. आत्याला बसता येत नाही. तुम्ही दोघं बसाल का?"

गवराबाईने पदर डोळ्याला लावला. तिला मूलबाळ नव्हतं. आईच्या जागी बसा असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"बसू की," ज्योतीराम म्हणाला. "त्यात इचारायचं काय?"

"पण यायचं म्हणजे मुंबईहून बोटीनं यावं लागेल. मी आधी जाईन पुढच्या तयारीला. आणि एक आहे, दादा. बोट लागते काही जणांना."

"लागू दे की. लागल्याबिगर उतरायचं कसं?"

मग अर्जुनने त्याला समजावून सांगितलं की बोट लागते म्हणजे किनाऱ्याला लागते असं नव्हे. माणसाला लागते, पोटात ढवळतं, उलट्या होतात. ज्योतीराम मनापासून हसला आणि गवराबाईकडे वळून म्हणाला, "ऐकलंस न्हवं? तू आपली माझ्या धोतराचा सोगा धरून बस. घाबरायचं न्हाई."

माघातल्या एका सकाळी दोघं भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढली. ज्योतीरामच्या डोक्याला नवाकोरा लाल पटका होता. त्याने वरच्या डेकवर कठड्याशी चांगली जागा धरली, घोंगडी पसरली, वहाणा काढून शेजारी ठेवल्या आणि बायकोला समुद्र समजावून द्यायला सुरुवात केली. पाणी खारट का असतं, इथपासून ते मासे झोपतात कधी, इथपर्यंत त्याला सगळं ठाऊक होतं. आजूबाजूची कोकणातली माणसं मोठ्या आदराने ऐकत होती. असलं काही त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मुंबई मागे पडली आणि ज्योतीरामचं बोलणं हळूहळू तुटक व्हायला लागलं.

"गवरा," तो म्हणाला, "ही बोट सरळ चाललीया न्हवं?"

"सरळच चाललीया की."

"मग त्ये आभाळ का खालवर व्हतंय?"

गवराबाईने आभाळाकडे पाहिलं. तिला ते जिथल्या तिथे दिसलं. तिने तसं सांगेपर्यंत ज्योतीरामने कठड्यावरून मान बाहेर काढली होती. त्यानंतर तो घोंगडीवर आडवा झाला तो झालाच. डोळे मिटले की बोट हलायची आणि उघडले की आभाळ हलायचं.

गवराबाईला मात्र काहीच होत नव्हतं. उलट वाऱ्याने भूक लागली होती. तिने थोडा वेळ त्याचं कपाळ चेपलं, मग गाठोडं सोडून भाकरी आणि लसणाची चटणी बाहेर काढली. वास आला तसा ज्योतीराम कण्हला.

"अगं, त्ये लांब ने. लई लांब ने."

म्हणून ती भाकरी घेऊन बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे जयगडलाच निघालेल्या एक कुसुमताई भेटल्या. त्यांनी चटणी चाखली आणि आपल्या डब्यातली नारळाच्या रसातली गोड खापरोळी गवराबाईच्या हातावर ठेवली. मग गप्पांना वेळ कितीसा लागतो? माहेर, सासर, भावजया असं करत दोघी चुलीपर्यंत पोचल्या. गवराबाईला वाटलं, आयुष्यात एवढं रिकामं बसून गार वाऱ्यात बोलायला आपल्याला कधी मिळालं होतं?

उन्हं उतरताना बोट दाभोळला थांबली. थांबली म्हणजे समुद्रातच थांबली. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं उतरवून न्यायची मोठी होडी, बोटीला येऊन भिडला आणि लोक शिडीने त्यात उतरायला लागले. ज्योतीरामने डोळे किलकिले केले. समोर जमीन दिसत होती. तिच्यावर माड होते, घरं होती, आणि त्यातलं काहीच हलत नव्हतं.

त्याने जवळून जाणाऱ्या खलाशाला विचारलं, "इथं किती येळ थांबती बोट?"

"माणसं उतरेपर्यंत," खलाशी चालता चालता म्हणाला.

माणसं तर पुष्कळ होती. ज्योतीरामला लोणावळ्याचं स्टेशन आठवलं. तिथे गाडी थांबली की माणसं उतरतात, पाय मोकळे करतात, चहा पितात आणि शिट्टी झाली की पुन्हा चढतात. आपणही जरा जमिनीला पाय लावून यावं, असा त्याने विचार केला आणि पायांत वहाणा घालायचंही भान न राहता तो शिडीने खाली उतरला.

पडाव किनाऱ्याला लागला. ज्योतीराम वाळूत उताणा पडला. पाठीखालची वाळू स्थिर होती. इतकं सुख त्याला मळ्यातल्या आंब्याखालीही कधी मिळालं नव्हतं. जरा वेळाने लांबून भोंगा ऐकू आला. तो उठून बसला आणि पडाववाल्याला म्हणाला, "चला, झाली शिट्टी. सोडा मला बोटीवर."

पडाववाला दोर गुंडाळत होता. त्याने नुसतं समुद्राकडे बोट दाखवलं. बोट धूर सोडत दक्षिणेकडे निघाली होती. तिच्यावर ज्योतीरामची बायको होती, सामान होतं आणि वहाणा होत्या. बोटीची दोन्ही तिकिटं तेवढी त्याच्या खिशात होती.

इकडे भोंगा ऐकून गवराबाई नवऱ्याला पाहायला आली, तर घोंगडीवर कुणी नव्हतं. वहाणा तशाच होत्या आणि शेजारी कठडा होता. तिने कठड्यावरून वाकून पाण्यात पाहिलं. कुसुमताईंनी बोटीवरच्या बाबूला बोलावून आणलं.

"नाव काय तुमच्या माणसाचं?" बाबूने विचारलं.

गवराबाईने खाली पाहिलं. नवऱ्याचं नाव लग्नात घेतलं होतं, तेही उखाण्यात.

"आमचं मालक," ती म्हणाली.

"मालक सगळ्यांचेच असतात, बाई. मी हाक काय मारू?"

"उखाण्यात घ्या हवं तर," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

"उखाणं घ्यायची ही येळ हाय व्हय, ताई?" गवराबाई म्हणाली. मग तिने मान वर केली आणि सगळ्या डेकला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ज्योतीराम. ज्योतीराम नाव हाय त्यांचं. डोक्याला लाल पटका हाय."

नाव घेतल्याने काही झालं नाही. बोट तशीच चालत राहिली. पण लाल पटका म्हणताच एक खलाशी पुढे आला. "तो होय? तो दाभोळला उतरला की. सगळ्यांना सारून पडावात जाऊन बसला होता."

गवराबाई वहाणांशेजारी घोंगडीवर बसली. आधी तिला रडू आलं, आणि माणूस बुडाला नाही हे नीट ध्यानात आल्यावर राग आला. बाबू म्हणाला, हवं तर जयगडला उतरून परतीच्या बोटीने दाभोळला जाता येईल. गवराबाईने थोडा विचार केला.

"न्हाई," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडात जीभ हाय, इचारत येतील. तिथं पोरगं दोघांची वाट बघत आसंल. निदान येक तरी पोचू दे."

तिच्याजवळ तिकीट नसल्याची भानगड जयगडच्या धक्क्यावर निघाली, पण बाबूनेच पुढे होऊन झालेली सगळी हकिकत तिथल्या कारकुनाला सांगितली. कारकून इतका हसला की त्याने तिला तशीच सोडली.

दाभोळला ज्योतीरामने एका म्हाताऱ्याला जयगडचा रस्ता विचारला.

"आता या खाडीतून तरीनं पलीकडं धोपाव्याला जा," म्हातारा म्हणाला. "मग गुहागर. तिथून तवसाळ. तवसाळला आणखी एक तर धरा, की आलं जयगड."

"तर म्हंजी होडीच न्हवं?"

"होडीच."

"जमिनीनं न्हाई का रस्ता?"

"जमिनीनंच आहे की. मधे मधे पाणी आहे, एवढंच."

रात्र दाभोळच्या देवळात काढून ज्योतीराम सकाळी तरीत बसला. खाडी शांत होती, शेजारच्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल झोपलं होतं, आणि ज्योतीराम दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटून बसला होता. पलीकडे उतरून तो अनवाणी चालत सुटला. पुढे मंगलोरी कौलं नेणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने त्याला वर घेतलं. ज्योतीराम जन्मभर बैलगाडीत बसलेला माणूस. पण त्या लाल वळणांच्या रस्त्यावर गाडी डुलायला लागली आणि त्याच्या पोटात पुन्हा ढवळलं. आता जमिनीनेही दगा दिला होता. तो खाली उतरून गाडीमागून चालू लागला.

"गाडी लागते काय हो तुम्हाला?" गाडीवाल्याने विचारलं.

"मला आता समदंच लागतंय," ज्योतीराम म्हणाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो तवसाळला पोचला. इथली खाडी रुंद, आणि वारा सुटलेला. तर हेलकावे घेत निघाली तसा तो तरीच्या तळाशीच जाऊन पडला. तर हाकणाऱ्या तांडेलाने त्याच्या फुटलेल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढा त्रास होतो तर प्रवास कशाला करता, पाहुणे?"

"लगीन हाय."

"कुणाचं?"

"पोराचं," ज्योतीराम म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं.

वाडीवर सकाळपासून गोंधळ उडाला होता. विधींची वेळ झाली, पाट मांडले गेले, आणि यजमानाच्या पाटावर बसायला कुणी नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, दुसरं जोडपं बसवू. अर्जुन म्हणाला, "वहिनी बसतील, नाहीतर कुणी नाही." आणि तो मांडवाच्या खांबाला टेकून उभाच राहिला. शेवटी सगळे भटजींकडे पाहू लागले.

"बायको हजर नसली तर नवऱ्याच्या कमरेला सुपारी खोचतात, ते मला माहीत आहे," भटजी डोकं खाजवत म्हणाले. "नवराच हरवला तर काय करायचं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले, आणि पिशवीतून एक चांगली टपोरी सुपारी काढून रिकाम्या पाटावर तांदळांत ठेवली. "बसा, बाई. यजमान बसले."

ज्योतीराम लंगडत मांडवात शिरला तेव्हा त्याच्या पाटावर सुपारी बसली होती. तिला गंध लावलेलं होतं, अक्षता वाहिलेल्या होत्या. शेजारी गवराबाई नव्या लुगड्यात ताठ बसली होती. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं. पाय पाहिल्यावर तिचा चेहरा जरा उतरला, पण ती उठली नाही.

"मी आलो," ज्योतीराम म्हणाला. "मला बसू द्या."

"आता जमायचं नाही," भटजी म्हणाले. "आवाहन झालं आहे. यजमानांना मधेच उठवता येत नाही."

अर्जुनचा चेहरा मात्र फुलला होता. तो हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. ज्योतीराम बाजूच्या सतरंजीवर पाहुण्यांत जाऊन बसला. एक म्हातारे गृहस्थ त्याला पान देत म्हणाले, "तुम्ही कुणाकडले?"

ज्योतीरामने सुपारीकडे बोट केलं. "त्यांच्याकडला," तो म्हणाला.

लग्न लागलं. जेवणं झाली. कुणीतरी खोबरेल तेल आणून दिलं आणि गवराबाई मागल्या पडवीत ज्योतीरामच्या पायांना ते चोळत बसली.

"भ्याली व्हतीस?" त्याने विचारलं.

"वहाणा बघून भ्याले."

"मग?"

"मग कळलं की तुमी हिंडायला गेलाया."

तेवढ्यात भटजी दक्षिणा आटोपून निघाले होते, ते पडवीत डोकावले. "बाई, ती सुपारी आता विहिरीत सोडा. तिचं काम झालं."

गवराबाईने पाटावरून उचलून कनवटीला लावलेली सुपारी काढून तळहातावर घेतली, पदराने पुसली आणि पुन्हा कनवटीला खोचून टाकली.

"अगं, सोड की ती," ज्योतीराम म्हणाला. "मी आलोय न्हवं आता?"

"आलाय खरं," गवराबाई तेल चोळता चोळता म्हणाली. "पर परवा माघारी बोटीनंच जायचंय. आसू द्या जवळ."