सहावा स्पीकर

"देवाशी बोलताना ओठ हलू देत, पण आवाज शेजारच्याच्या कानापर्यंत जाता कामा नये." लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी मला हे बजावलं होतं. बावीस वर्षं मी ते पाळलं. त्यात माझी स्वतःची एक भर घातली ती अशी, की माणसांपुढे कुणाची तक्रार करायची नाही. जे काय साचलं असेल ते रोज सकाळी आठ ते साडेआठ, दार लोटून, कुजबुजत देवाच्या कानावर घालायचं आणि मोकळं व्हायचं.

बढाई मारायचा माझा स्वभाव नाही. पण घराचं काम काढलं, नवी छतं बसली आणि माझ्या प्रार्थना अशा काही फळायला लागल्या की मलाच माझा अभिमान वाटू लागला! पूर्वी एखादं मागणं वर पोचायला वर्ष लागायचं. आता सकाळी सांगितलं की दुपारच्या आत काम फत्ते.

हे कसं झालं ते सांगते.

छतात स्पीकर बसवायची कल्पना आमच्या ह्यांची. दुकानात दोन तास बसून ह्यांनी एकेका स्पीकरला कान लावला, जणू डॉक्टर छाती तपासतायत. दुकानदार म्हणाला, साहेब, ह्याची खुबी अशी की आवाज कुठून येतो ते कळणारच नाही. ह्याच वाक्यावर हे भाळले. खोल्या पाच, पण स्पीकर मिळतात जोडीने, म्हणून सहा घेतले. उरलेला सहावा कुठे बसवायचा? वायरमन देवाच्या खोलीच्या छताला भोक पाडून, तो तिथे बसवून मोकळा झाला.

मी हळू आवाजात सांगितलं, की ह्या खोलीत गाणी नकोत, बातम्या नकोत, काही नको. वायरमन भला माणूस. म्हणाला, ताई, स्पीकर राहू दे, त्याची वायर मी गाण्यांच्या यंत्राला जोडतच नाही. त्याने वायर तशीच सोडली. आता दिवाणखान्यात, नव्या कपाटाच्या मागे, टोकाला चकचकीत पिन असलेली वायर लोंबकळतेय, हे मला बघवेना. यंत्राच्या मागे खालच्या बाजूला एक रिकामं भोक होतं. मी पिन त्यात खोचून दिली. अगदी चपखल बसली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पहिल्यांदा गेला तो रंगारी.

म्हणजे पळून गेला. त्या दिवशी मी देवाला सांगितलं होतं, की मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ह्याने एकच हात मारलाय, मला दिसतं, पण मी बोलणार नाही, तूच त्याच्याकडे बघ. साडेआठला बाहेर आले तर रंगारी शिडीवर पांढराफटक. त्याच्या कपाळावर घाम होता आणि कोपऱ्यावर दुसरा हात चढत होता. दुसऱ्यावर तिसरा, तिसऱ्यावर चौथा. संध्याकाळी न विचारताच म्हणाला, उद्यापासून माझा भाऊ येईल. भाऊ आला, एक सकाळ थांबला आणि ब्रश डब्यातच टाकून निघून गेला.

मग हे. ह्यांची साखर वाढलेली, आणि मोठ्या पातेल्यांच्या मागे बिस्किटांचा पुडा लपवलेला. मला ठाऊक होतं. एका सकाळी मी ते देवापाशी बोलून टाकलं. बाहेर आले तर हे स्वयंपाकघरात, पुडा हातात धरून, मान वर करून उभे. छतातल्या त्या गोल पांढऱ्या जाळीकडे असे बघत होते, जणू एखाद्या बुबुळ नसलेल्या डोळ्याने त्यांना पकडलंय. पुडा त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. त्यांचे हात गार होते.

"तू ऐकलंस?" ह्यांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

पण मग घरात एक विचित्र शांतता पसरू लागली. ओल्या गिलाव्याचा वास, अर्धवट भरलेल्या खोल्या, दिवसाढवळ्या बोललेला शब्द भिंतीवर आपटून परत येणार, आणि माणसं दबकत चालणार. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. एकदा देवाच्या खोलीतून बाहेर आले तर हे आणि माझे सासरे दोघे दिवाणखान्याच्या मधोमध, हात जुळवून, माना मागे टाकून उभे. रंगाऱ्याच्या जागी आलेला नवा माणूस दाराशी चपला हातात घेऊन. कुणीच हलत नव्हतं. मीही वर बघितलं. छत होतं.

शेवटी ह्यांनी मला बाजूला घेतलं. सांगितलं, की रोज सकाळी घरात एक बाई बोलते. विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज. श्वास आधी येतो, मग शब्द. तिला सगळं ठाऊक आहे. आणि नवल म्हणजे, घरातल्या सगळ्यांना ती ऐकू येते, एका मलाच येत नाही!

तुम्ही विचाराल, नवऱ्याने बायकोचा आवाज ओळखला नाही? कसा ओळखणार? माझा आवाज एवढा मोठा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

मला ऐकू येत नाही ते माझ्या उपासनेच्या बळामुळे, असं ह्यांचं मत पडलं. तेव्हा मी उपासना वाढवावी. मी लगेच अर्धा तास वाढवला. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले की बाई आता तासभर बोलते. मी दीड तास केला. तिनेही केला. अशी आमची चढाओढ लागली.

ह्या सगळ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, मात्र घाबरले नव्हते. सासूबाईंना जाऊन सात महिने झाले होते. त्या स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. तेव्हापासून बाबांनी दवाखान्याचं नाव टाकलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, आणखी लांबवलं तर आत दाब वाढेल आणि गेलेली नजर परत येणार नाही. ह्यांनी समजावलं, रागावले, पाया पडले. बाबा भिंत चाचपत चालायचे, पण हो म्हणायचे नाहीत. आणि मी? मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. देवापुढे मात्र रोज विनवत होते, की बाबा, डोळे करून घ्या हो, भिऊ नका.

बाई बोलायला लागल्यापासून बाबा रोज आठ वाजता खुर्ची ओढून जाळीखाली बसू लागले. दाढी करून, स्वच्छ सदरा घालून. आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाले, उद्या अकराची वेळ घेतलीय डोळ्यांच्या दवाखान्यात.

मी आनंदाने रडले. माझी प्रार्थना पोचली होती!

दुसऱ्या दिवशी लवकर आटोपून मी दिवाणखान्यात बाबांचे कागद गोळा करत होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. हे वायरमनला आणायला गेले होते. छताला घरघर लागलीय, एवढंच त्याला सांगायचं ठरलं होतं. आणि माझ्या डोक्यावर कुणीतरी श्वास घेतला.

कागद हातातून गळाले. श्वास परत आला, लांब, थकलेला. मग एक म्हातारा आवाज, पाचही खोल्यांतून एकदम:

"जातो. पण मला भीती वाटते गं. तू सोबत राहा. एवढं बोलावलंस, आता हात सोडू नकोस."

मी भिंतीला पाठ लावून उभी. कुठेतरी दार करकरलं, तेही छतातच. आणि मग ते खरंखुरं उघडलं, देवाच्या खोलीचं, आणि सासूबाईंच्या फोटोपुढे बोलून बाबा भिंत चाचपत बाहेर आले.

तेवढ्यात हे वायरमनला घेऊन आले. त्याने कपाटामागे डोकं घातलं आणि तो हसत सुटला. ताई, ही वायर इथे कुणी खोचली? हे तर माइकचं भोक. इथे स्पीकर जोडला की तो बोलत नाही, ऐकतो. खात्री म्हणून त्याने देवाच्या खोलीत जाऊन नुसती फुंकर मारली, आणि सगळ्या छतांनी मिळून उसासा टाकला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, कान देऊन.

दहा वाजून गेले होते. बाबा आपल्या खोलीत पलंगावर बसून बूट घालत होते. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी मनाला दोनदा समजावलं. ते गेले असते, डोळे वाचले असते, कुणाचं काय बिघडलं असतं? पण ते ज्या हाताच्या भरवशावर निघाले होते तो हात माझा होता, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बाबा, छतातून बोलत होत्या त्या आई नव्हत्या," मी म्हटलं. "मी होते."

त्यांचा एक पाय बुटात, एक बाहेर. मग वाकून घातलेला बूटही काढला.

"म्हणजे ती आलीच नाही."

"नाही."

"आणि तू हे रोज म्हणायचीस?"

"रोज."

"स्पीकर लागल्यापासून?"

"त्याच्या आधीपासून. चार महिने."

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय समोर नव्हतो?"

माझ्या व्रतांत सगळ्याची सोय होती, एवढ्याची नव्हती. बाबा पायमोजा नीट करत राहिले. बाहेर वायरमन पिन उपसत होता, त्याची खटखट छतात उमटली आणि एकदम बंद झाली. घर पहिल्यांदाच खरोखर मुकं झालं.

"छताला का होईना, मी हो म्हटलंय," बाबा म्हणाले. "म्हातारपणी शब्द फिरवायला लागलो तर झालंच." त्यांनी एक बूट घातला, मग दुसरा. "आणि हे बघ सूनबाई, रस्त्यात माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर मलाच सांग. थेट. देवाला बाकीची कामं असतात."

मी मान खाली घालून हो म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. बाबांनी माझं मनगट धरलं आणि हळूहळू, एकेक पायरी चाचपत, जिना उतरू लागले.