बुधवारचं गाणं आणि साताऱ्याची आत्या

येत्या बुधवारी हरी आपल्याला सगळ्यांदेखत ‘अक्का’ म्हणणार, याबद्दल मथुरेच्या मनात तसूभरही शंका नव्हती. तसं तिने बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या अर्ध्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. उरलेल्या अर्ध्या गल्लीला ती गुरुवारी सांगणार होती.

मथुरा सोळा वर्षांची, शाळा सोडून घरी बसलेली. ‘शाळा मी सोडली, शाळेने मला नाही,’ हा फरक ती ज्याला त्याला ऐकवायची. झालं होतं एवढंच की बीजगणिताच्या तासाला ती गुणगुणत होती. बाई म्हणाल्या, “हे काय रेडिओ स्टेशन आहे?” मथुरा म्हणाली, “असतं तर कुणी ऐकलं तरी असतं.” त्यात काय खोटं होतं? पण बाईंना राग आला. मग मथुरेला त्याहून जास्त आला आणि ती दप्तर उचलून घरी आली, ती आलीच.

हरी शेजारचा. दोघं एकाच श्रावणात जन्मले आणि तिथूनच भांडणाला सुरुवात झाली. हरीची आई म्हणायची, “मथुरेच्या बारशाच्या घुगऱ्या मी हरीला कडेवर घेऊन खाल्ल्यात.” त्यावर मथुरेची आई म्हणायची, “घुगऱ्या खाल्ल्यात खऱ्या, पण कडेवर उशी असेल.” तेव्हा थोरलं कोण, हे सोळा वर्षं लोंबकळत पडलं होतं. आणि बंगळूरात लोंबकळून कसं चालेल? इथे भाजीवालासुद्धा आधी अण्णा-अक्का ठरवतो, मग भाव सांगतो.

शेवटी निकाल रेडिओवर सोपवायचं ठरलं. दर बुधवारी आठ वाजता सिलोनवर आठवड्याची गाजलेली गाणी पायरीपायरीने लागत. सगळ्यात शेवटी पहिल्या पायरीवरचं. मथुरेचं म्हणणं, या बुधवारी पहिलं येणार ते होडीचं गाणं. हरी म्हणे, टांग्याचं. मथुरा हरली तर तिने हरीला ‘अण्णा’ म्हणायचं. हरी हरला तर त्याने ‘अक्का’ म्हणायचं.

“एकदा,” हरी म्हणाला. “सगळ्यांदेखत. मोठ्याने.”

“सरी, कबूल,” मथुरा म्हणाली. एकदा म्हणाला की पुढे जन्मभर म्हणावंच लागेल, असा तिचा हिशोब.

रेडिओ मथुरेच्या घरचा. तिचे अप्पा मुकुंदराव शिंपी. रेडिओलाही त्यांनी झालरीचं झबलं शिवलं होतं. तो लावायचा बातम्यांपुरता. बुधवारचा तेवढा एक तास मथुरेचा, आणि तो काही फुकट मिळत नव्हता. त्या तासासाठी ती आठवडाभर दुकानातल्या शर्टांची काजं-बटणं करायची. बोटांची चाळण झाली होती. एवढे कष्ट बीजगणितात घेतले असते तर, असं अप्पा म्हणत. ते वाक्य ते पूर्ण करत नसत, म्हणून मथुरेला जास्तच झोंबायचं.

अशात आई बेळगावला धाकट्या मावशीच्या बाळंतपणाला गेली आणि घर सांभाळायला साताऱ्याहून भागीरथी आत्या आली. आत्याला कानडीचा गंध नव्हता. तिच्या मते कानडी ही भाषा नसून सगळी गल्ली मिळून तिची चेष्टा करत होती.

“तो दूधवाला मला ‘स्वल्प, स्वल्प’ म्हणतो. मी काय त्याला स्वल्प दिसते?”

“स्वल्प म्हणजे थोडंसं, आत्या.”

“मग थोडंसं म्हणावं की. तोंड दुखतं?”

बुधवार उजाडला. मथुरेने संध्याकाळपासूनच रेडिओला राखण धरली. पावणेआठला हरी आला नि उंबऱ्यावर बसला. पाठोपाठ वरच्या खोलीतल्या गंगव्वा आल्या. गंगव्वा गदगच्या, नवरा रेल्वेत, मराठीतलं फक्त ‘बरं’ येणाऱ्या. बाई सोन्यासारखी. पण गळा! देवळाच्या भजनात त्या सुरू झाल्या की बाहेर टांग्याची घोडी कान मागे घेत. मात्र आग्रहाशिवाय गायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आणि आग्रह कुणीच करायचा नाही, असा गल्लीचा.

रेडिओ तापला, त्याचा हिरवा डोळा मिटमिटला, सिलोन लागलं. पाचवी पायरी, चौथी, तिसरी. होडीही आली नाही, टांगाही आला नाही. म्हणजे वर दोनच जागा आणि दोनच गाणी. मथुरेने हरीकडे पाहिलं. हरीने छताला बांधलेल्या एरियलच्या पट्टीकडे पाहिलं.

“बहनों और भाइयों,” रेडिओ म्हणाला, “अब दूसरी पायदान पर...”

आणि त्याच क्षणी गल्लीतलं तांबडं कुत्रं, आत्याच्या शेंगदाण्याच्या लाडवांचा वास काढत, हरीला ओलांडून आत शिरलं आणि गंगव्वांच्या पाठीशी येऊन उभं राहिलं.

आता हे सांगायला हवं की मथुरेच्या घरात सगळेच कुत्र्याला कानडीत हाकलत आले होते. ‘हच्चा’ म्हणायचं, कुत्रं जायचं. पण आत्या पडली साताऱ्याची. तिने हात लांब केला आणि ओरडली, “हाड रे! हाड रे!”

गंगव्वांनी आत्याचा हात पाहिला. तो सरळ त्यांच्याकडेच होता. गदगकडे ‘हाडरी’ म्हणजे ‘गा हो, गा ना’.

गंगव्वांचा चेहरा असा फुलला की बघवेना. छातीला हात लावून त्या म्हणाल्या, “नानु?”

मी? मला म्हणताय?

“हाड रे, हाड रे!” आत्या कुत्र्याकडे बघून आणखी कळवळून म्हणाली.

एवढा आग्रह गंगव्वांना लग्नातही झाला नव्हता. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि सूर लावला. फडताळातली भांडी थरथरली. दुसरी पायरी त्या सुरात कुठे बुडाली, कळलंच नाही.

“अगं बाई!” आत्या म्हणाली. “ही का किंचाळतेय? चावलं का काय?”

“साकु, गंगव्वा, साकु!” मथुरा ओरडली. पुरे हो, पुरे.

गंगव्वा थांबल्या. भल्या बाई त्या, लगेच थांबल्या. पण तेवढ्यात कुत्रं लाडवाच्या डब्यापाशी पोचलं.

“हाड रे, मेल्या!”

गंगव्वांनी दुसरं पद उचललं. हे आधीपेक्षा दोन पट्ट्या वर होतं.

“आत्या, हाड म्हणू नकोस!”

“मग काय म्हणू? यावं, बसावं म्हणू?”

“हच्चा म्हण!”

“शिंक आली की म्हणेन.”

मथुरेने कान रेडिओच्या जाळीला चिकटवला. आत कुणीतरी माणूस मुंगीएवढ्या आवाजात काहीतरी गात होता. तो होडीत होता की टांग्यात होता, काही कळेना. कुत्र्याने तोंड वर केलं आणि गंगव्वांना साथ धरली. हरी पोट धरून हसत होता. हसतोय काय हा? याच्या अण्णापणाचा प्रश्न नाही का इथे?

अशा वेळी अप्पा दुकान बंद करून आले. दारात थबकले. घरात देवाचं नाव चाललेलं, गाणारी बाई डोळे मिटून तल्लीन, आणि पोरगी रेडिओला कवटाळून बसलेली. अप्पांनी चपला काढल्या, हात जोडले, पुढे आले आणि खटकन रेडिओ बंद केला.

“अप्पा, पहिली पायरी!”

“लाज वाटत नाही?” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “बस खाली. मांडी घाल.”

आठवडाभराची काजं-बटणं! मथुरेने मांडी घातली. समोर कुत्रंही बसलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही.

रात्री जेवताना तिने आत्याला पकडलं. “तुला तरी काही ऐकू आलं? दुसरं गाणं कुठलं लागलं?” दुसरं कळलं की पहिलं आपोआप कळणार होतं.

आत्याने विचार केला. “एक माणूस रडत होता.”

“होडीत की टांग्यात?”

“ते दिसतं होय रेडिओत?”

सकाळी मथुरा आणि हरी कोपऱ्यावरच्या मानसिंगकडे गेले. मानसिंग रेडिओ दुरुस्त करायचा आणि बुधवार कधी चुकवायचा नाही. डोकं खोक्यात घालूनच तो म्हणाला, “होडीवाला. पहिला नंबर.”

मथुरेने भर रस्त्यात कमरेवर हात ठेवले. “म्हण.”

“इथे कोण आहे? सगळ्यांदेखत ठरलंय,” हरी म्हणाला. “बुधवारी तुझ्या घरी येतो. शब्द म्हणजे शब्द.”

यात कुठेतरी पाणी मुरतंय असं मथुरेला वाटलं, पण विजयाच्या नादात तिने तिकडे लक्ष दिलं नाही. घरी पोचली तर दुसराच प्रकार. अप्पा गंगव्वांना निरोप द्यायला वर जाऊन आले होते. साताऱ्याहून आलेल्या आमच्या बहिणीला तुमचं गाणं इतकं आवडलं, तर पुढच्या बुधवारी तुमची सगळी मंडळीच घेऊन या. आठ वाजता.

“आठला?” मथुरा म्हणाली. “अप्पा, आठला माझा रेडिओ असतो!”

“रेडिओ काय, रोजच असतो.”

“रोज कुठे असतो? बुधवारीच असतो!”

“बटणं झाली का?” अप्पा म्हणाले.

त्या आठवड्यात मथुरेने लावलेली बटणं शर्ट फाटला तरी निघाली नसती, इतक्या रागाने तिने टाके घातले. फक्त एकाच गोष्टीवर तिने धीर धरला. रेडिओ नाही तर नाही, निदान ‘सगळे’ तरी असतील. भजनीमंडळ, शेजारीपाजारी, अप्पा. भरल्या घरात हरी आपल्याला अक्का म्हणेल.

घर भरलंही. पेटी आली, टाळ आले, गंगव्वांसारख्याच गळ्याच्या आणखी बायका आल्या. झबलं घातलेला रेडिओ कोपऱ्यात गप्प बसला होता. भजन ऐन रंगात आलं, टाळ असे वाजू लागले की समोरच्या घराची खिडकी उघडली, आणि तेवढ्यात हरी आत आला. इस्त्रीचा सदरा घालून, केस चोपडून. तो सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला, मथुरेकडे वळला, हात जोडले आणि तोंड उघडून मिटलं.

मथुरेला त्याचे ओठ दिसले. टाळांखेरीज ऐकू काहीच आलं नाही. तिलाच काय, कुणालाच नाही.

भजन संपलं. टाळ खाली ठेवले गेले. पेटीवाल्याने भाता मिटला, गंगव्वांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, अप्पा प्रसाद आणायला उठले. घरात शांतता पसरली.

“आता म्हण,” मथुरा दातओठ खात म्हणाली.

“म्हटलं की.”

“मला ऐकू नाही आलं.”

“ऐकू यायचं कुठे ठरलं होतं? एकदा, सगळ्यांदेखत, मोठ्याने. विचार कुणालाही, किती मोठ्याने म्हटलं ते.” आणि हरी हसला.

मथुरेचं टाळकं सरकलं. दोन आठवडे आत्याच्या सहवासात काढलेले, त्यामुळे तोंडाला येऊ नये तेच आलं. हरीच्या अंगावर हात फेकत ती घर दणाणेल अशी ओरडली, “हाड रे!”

गंगव्वांनी तांब्या खाली ठेवला. मथुरेकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही पोरसुद्धा! त्यांनी मंडळींना खूण केली. पेटीचा भाता पुन्हा उघडला, टाळ पुन्हा उचलले गेले, अप्पा प्रसादाचं ताट तसंच धरून खाली बसले.

आत्या मथुरेच्या कानाशी वाकली. “हच्चा म्हणायचंस की गं,” ती म्हणाली.