चार हमालांना पुरून उरलेला ब्रेक

"मागच्या ब्रेकला मिस्त्रीचा हात लागणार नाही," असं प्रभाकरने शनिवारी सकाळी जाहीर केलं आणि चहाचा कप अशा थाटात खाली ठेवला, की जणू ब्रेक लागलाच.

विषय: मॉरिस गाडी, जन्म १९५३. निर्णय: दुरुस्ती घरीच.

प्रभाकर भिवंडीतल्या एका शाळेत हेडक्लार्क. गाडी त्याच्या वडिलांची, अण्णांची. ब्रेकची जुनी नळी गंजून फुटली, गाडी चार महिने दारात उभी राहिली, आणि अण्णांनी दापोड्याच्या लडकूला, भंगाराच्या गोदामवाल्याला, ती विकायचा शब्द देऊन टाकला. प्रभाकरने फारच लावून धरल्यावर सवलत मिळाली ती एवढीच:

"उद्या सगळे गाडीतून लडकूच्या दारात जाऊ. मी म्हणेन तिथे थांबली, तर परत आणू. नाही थांबली, तर तिथेच सोडू."

"आणि आपण कसं यायचं?" प्रभाकरच्या बायकोने, सरलाने विचारलं.

"एसटीने. तिला ब्रेक असतो."

प्रभाकर गाडीखाली शिरला. नवी नळी त्याने मागच्या चाकांच्या दांड्याच्या, अ‍ॅक्सलच्या, अंगाने वाकवली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून क्लिपा केल्या, आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे नळी घासायला नको. काम खरोखर देखणं झालं. इथेच तो बाहेर आला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तो बाहेर आला नाही. गाडीच्या अंगापासून अ‍ॅक्सलपर्यंत येणारी रबरी नळी मधेच जरा लोंबत होती. प्रभाकरच्या कपाटात फायलीची नाडीसुद्धा लोंबत नसे. त्याने ठरवलं, हिलाही आवळायचं. आणि उद्या गाडीत सगळे बसणार, तर माप सगळ्यांना बसवूनच घ्यायचं.

"अहो, मी कणीक मळतेय."

"परातीसकट ये."

स्टिअरिंगवर अण्णा. मागे आई अनसूयाबाई, थोरली बहीण सुमतीताई आणि मांडीवर परात घेतलेली सरला. स्प्रिंगा दबल्या, गाडी खाली बसली. प्रभाकरने रबरी नळी ताठ ओढली आणि वर, गाडीच्या अंगाच्या पट्टीला करकचून बांधली. अण्णांकडून पेडल दाबून घेत ब्रेकच्या तेलातली हवाही काढली.

"प्रभ्या, पायाला मुंग्या आल्या," सुमतीताई म्हणाली.

"शिस्त लागायला वेळ लागतो, ताई."

रविवार. दापोडे. गोदामाच्या दारातला चढ. स्टिअरिंगवर प्रभाकर. अण्णा अचानक म्हणाले, "थांबव."

गाडी थांबली. अशी थांबली, की अण्णांचा चष्मा नाकावरून मांडीत आला. प्रभाकरची छाती स्टिअरिंगला टेकली, ती धक्क्याने नव्हे.

(इथे दगडाबद्दल सांगायला हवं. हँडब्रेक केव्हाच गेला होता. त्यामुळे थांबल्यावर प्रभाकर पेडलवर पाय दाबून बसे, बाकीचे उतरत, आणि सरला चाकामागे दगड लावी. मगच तो पाय काढी. संसार सुरळीत चालला होता.)

तसेच सगळे उतरले. दगड लागला. लडकूने चहा मागवला. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "मानलं. गाडी राहील."

आता गप्प बसावं की नाही? "वळवून दाखवतो," म्हणत प्रभाकर एकटाच गाडीत बसला. सरलाने दगड काढला. इंजिन गुरगुरलं, कण्हलं, बंद पडलं. पुन्हा तेच. चाक तसूभर हलेना.

"जाम झाली, भाऊ," लडकू म्हणाला.

अण्णांनी चहा अर्धाच ठेवला. "म्हणजे थांबते, पण कायमची?"

लडकूने चार हमाल बोलावले. त्यांनी मागे लोटली, पुढे लोटली, देवाचं नाव घेतलं. एक जण घाम पुसत म्हणाला, "साब, ये गाडी नहीं, खंबा है."

"पाहिलंत?" प्रभाकर अण्णांना म्हणाला. "चार हमाल. आणि ब्रेक ढळला नाही."

ऊन चढलं. सुमतीताई कंटाळून गाडीत जाऊन बसली. तिच्यामागून अनसूयाबाई, मग सरला, शेवटी अण्णा. गाडी हळूच खाली बसली, आणि मागे निघाली. अजून स्टिअरिंगवरच असलेल्या प्रभाकरने घाईने पेडल दाबलं. सरला उतरून दगडासाठी धावली.

दगड लागल्यावर प्रभाकर उतरून गाडीखाली वाकला.

"उतरा." सगळे उतरले. गाडी वर आली, ताठ बांधलेली नळी पट्टीच्या काठावर ओढली गेली आणि चिमटली. पेडल दाबलेलं असताना हे झालं, की तेलाचा जोर चाकाकडेच अडकून ब्रेक लागलेलाच राहणार.

"बसा." नळी मोकळी.

"उतरा."

"प्रभाकर," अनसूयाबाई म्हणाल्या, "मला एकदाच काय ते सांग."

तो गुडघे झटकत उभा राहिला. "दोन बोटं ढील हवी होती. बाकी काम उत्तमच आहे. फक्त ती रिकामी चालत नाही. भरलेली असली, तर पळते."

अण्णा लडकूकडे वळले.

"लडकूशेट, ही न्यायची तर आम्हा पाच जणांना आत बसवूनच न्यावी लागेल. बोला, काय देता?"

लडकूने पाचही जणांना एकेक करून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"न्हाय अण्णा," तो म्हणाला, "परवडायचं न्हाय."