माझी सुई खोटं बोलत नाही

मला बुडबुडे मोजता येतात! हसू नका. आमच्याकडे दोन पुरुष उंचीची, बादलीएवढी रुंद काचेची नळी आहे. तिच्यात पाणी भरायचं, तळातून हवा सोडायची. त्या खळबळीत कुठे किती हवा आहे, हे माझी सुई सांगते. टोकाला पाणी लागलं की एक खूण, हवा लागली की दुसरी. शंभर क्षणांतले किती हवेत गेले ते मोजायचं, झालं! ही सुई मी स्वतः घडवलीय, तीन वर्षं खपून.

त्या दिवशी तिची परीक्षा होती. प्रयोगशाळेच्या मॅडम आकडे बघायला येणार होत्या. सुई भरवशाची ठरली तर नळी राहणार, नाहीतर खोलीत फायलींची कपाटं येणार. मी इतका निर्धास्त, की सासऱ्यांनाही बोलावलं. ते निवृत्त प्लंबर. "जावई पाण्यात फुंकर मारतो आणि पगार घेतो," असं सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटलेले. म्हटलं, या, बघाच एकदा!

आदल्या दिवशी मी नळी भांड्यांच्या साबणाने घासून लखलखीत केली. वरून एकदा पाणी फिरवलं. एकदा पुरे.

मॅडम आल्या. हवा सोडली. एरवी सुई अठरा टक्के हवा दाखवते, आज एकतीस!

"मॅडम, विक्रम!" मी ओरडलोच.

"जावईबापू, फेस येतोय," सासरे म्हणाले.

"बाबा, शास्त्रात त्याला बारीक बुडबुडे म्हणतात."

"आमच्यात त्याला साबण म्हणतात."

मी ऐकतोय कशाला! हवेचा कॉक आणखी उघडला. फेस नळीच्या तोंडाशी आला आणि दूध उतू जावं तसा खाली आला. टेबल गेलं. खुर्ची गेली. मॅडम घोट्यापर्यंत गेल्या! मी धावत हवा बंद केली आणि सुई वर ओढली, ती नेमकी वरच्या फेसात अडकली. पडद्यावर आकडा आला, चौऱ्याण्णव.

"चौऱ्याण्णव टक्के हवा?" मॅडमनी चष्मा पुसला. "सुई बिघडलीय तुमची. कपाटं मागवते मी."

मला काय वाटेल ते बोला, सुईला बोलायचं नाही! "साबण राहिला ही चूक माझी, मॅडम. माझी सुई खोटं बोलत नाही!"

सासऱ्यांनी पँट दुमडली, फळीवरचं लिटरचं मापाचं भांडं घेतलं आणि शिडीवर चढून सुईजवळचा फेस काठोकाठ भरून आणला. मग आम्ही तिघं त्या भांड्याकडे बघत बसलो. फेसाने बसायला चांगलाच वेळ घेतला. शेवटी सासऱ्यांनी रेघेला डोळा लावला.

"लिटरभर फेसात साठ मिली पाणी. बाकी नुसती हवा."

साठ मिली म्हणजे सहा टक्के. शंभरातून सहा गेले... "चौऱ्याण्णव!" मी सासऱ्यांना मिठीच मारली.

"मोजतो हो जावई," ते मॅडमना म्हणाले. माझी छाती तिथल्या तिथे दोन इंच फुगली.

मॅडमनी जागेवरच शेरा लिहिला: "सुई अत्यंत भरवशाची. नळी इथेच ठेवावी." मी तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा खालची ओळ दिसली: "नळी धुण्याचं काम मात्र यांना देऊ नये."

हल्ली दर आठवड्याला सासरे येऊन नळी धुतात. मी बादली धरतो.