दोन त्रेपन्नला उतरलेलं विमान

मधुकरराव पिंपळापुरे भर आरतीत टाळ्या थांबवतात, खिशातला फोन बघतात आणि मोठ्यानं सांगतात, "कुलकर्ण्यांच्या सासूबाई उतरल्या." मग पुन्हा टाळ्या सुरू. हा प्रकार मी स्वतः तीनदा पाहिला आहे. तिन्ही वेळी सासूबाई वेगळ्या होत्या, आरती तीच.

आमच्या आयसेलिनच्या वसाहतीत ते बरोबर माझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे नागपूरचे. अमेरिकेत अठ्ठावीस वर्षं झाली, तरी बोलणं सगळं तिकडचंच. फोनवर विमानांचा नकाशा असतो ना, पिवळी पिवळी विमानं सरकत असलेली, तो यांच्याकडे सदोदित उघडा. अंगणात उभे असले आणि वरून विमान गेलं, की मान वर न करता सांगणार, "हे ह्यूस्टनवालं. बावीस मिनिटं लेट आहे, बाप्पा."

कोणाचेही आईवडील भारतातून निघाले, की फ्लाइटचा नंबर आधी पिंपळापुऱ्यांना जातो. मग वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातम्या सुरू. "जोशींचे बाबा ग्रीनलंडवरून जाऊन राह्यले." "वारा उलटा आहे, पण वैमानिक हुशार दिसते." जोशी झोपलेले असतात. पिंपळापुरे जागे.

या माणसाला चुकीची वेळ सहन होत नाही. मंडळाच्या बैठकीला देशमुख आले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काय करणार यार, डॅलसची फ्लाइट लेट झाली." पिंपळापुऱ्यांनी तीस माणसांसमोर सांगितलं, "तुमचं विमान तर सोळा मिनिटं आधी उतरलं होतं." देशमुख त्यांच्याशी दोन वर्षं बोललेले नाहीत. मी त्यांना म्हटलं, "अहो, कशाला?" तर म्हणाले, "मी काय केलं जी? आकडा सांगितला." आकड्यांचं वेड मलाही आहे, त्यामुळे मी गप्प बसलो.

वसंतातल्या बर्फावर त्यांचा खास राग. "जानेवारीचा बर्फ नोकरदार माणूस आहे. सांगून येते, काम करते, जाते. हा मार्च-एप्रिलवाला चोर आहे. झाडाला फुलं आली, लोकांनी फावडी गॅरेजमध्ये टाकली, विमानतळावरच्या माणसांनी हुश्श केलं, की हा येते." अशा दिवशी ते कामावरून सुट्टी घेतात आणि खिडकीशी बसून रद्द झालेली विमानं मोजतात.

आता माझ्याही हिशोबातली एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती टाळून हे लिहिण्यात अर्थ नाही. पिंपळापुऱ्यांच्या पत्नी सुनंदावहिनी गेल्या त्याला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षभरात आमच्या वसाहतीनं पिंपळापुऱ्यांना एकतीस वेळा विमानं विचारली, हे ग्रुपवर मोजता येतं. त्याच वर्षात त्यांना जेवायला बोलावलं चार वेळा. त्यातली दोन बोलावणी आमची, आणि दोन्ही वेळा आमच्याकडे आदल्या दिवशीचं उरलं होतं. ही गोष्ट कोणाला विचारायची गरज नाही, मला पाठ आहे.

त्यांची मुलगी केतकी शिकागोला असते. आईच्या दिवसांनंतर ती घरी आलेली नव्हती. आधी नोकरी नवी होती, मग घर बदलायचं होतं, मग कुत्रा आजारी होता. यंदा पाडव्याला येते म्हणाली. पाडवा गुरुवारी होता, पण इथे आपण सगळे सण शनिवारी करतो, तर शनिवारी. दुपारी दोन वाजून दोन मिनिटांनी आमच्या नेवार्कला उतरणार. तिच्या विमानाचा नंबर पिंपळापुऱ्यांनी ग्रुपवर टाकला, तोही दोन आठवडे आधी. खाली लिहिलं, "आमचंही माणूस येऊन राह्यलं." इतकी वर्षं ते लोकांची माणसं उतरवत होते. मला वाचून बरं वाटलं, मी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि फोन ठेवला.

आठवडाभर वरून लाटण्याचा आवाज येत होता. माझी बायको शुभदा पुरण कसं झालंय ते बघायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "पोळी फाटते, पण माणूस हटत नाही."

शुक्रवारी हवामानखात्यानं पाऊस सांगितला होता. शनिवारी सकाळी उठलो तर मॅग्नोलियाची फुलं बर्फाखाली. मी डेकवर स्टीलची पट्टी उभी केली: साडेचार इंच. नऊ वाजून दहा मिनिटांनी केतकीचा मेसेज आला. तो पिंपळापुऱ्यांनी मला जिन्यात दाखवला. "बाबा, फ्लाइट कॅन्सल झाली. स्नो. सो सॉरी. नेक्स्ट टाइम, प्रॉमिस."

"चोर आहे म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले, आणि वर गेले.

दुपारी तीनच्या सुमारास ऊन पडलं. पागोळ्या गळायला लागल्या, रस्ता काळा दिसायला लागला. मी सहज तिच्या विमानाचा नंबर टाकून बघितला. विमान शिकागोहून सुटलं होतं. नेवार्कला उतरलं होतं, दोन त्रेपन्नला, एक्कावन्न मिनिटं उशिरा. मला वाटलं, आधी रद्द केलेलं पुन्हा सोडलं असेल, पोरगी त्यातून आली असेल, तिचा फोन बंद पडला असेल. मी जॅकेटही न घालता जिना चढलो.

"पिंपळापुरे, चला, गाडी काढतो! विमान उतरलंय!"

टेबलावर दोन पानं मांडलेली होती. ते खुर्चीत बसले होते, फोन पालथा ठेवून.

"दोन त्रेपन्न," ते म्हणाले. "ए टर्मिनल. बसा."

"अहो, ती तिथे उभी असेल."

"नाही जी. ते विमान रद्द झालंच नव्हतं. नऊ दहाला तिचा मेसेज आला, तेव्हाही ते वेळेवर होतं. मी तिचा मेसेज येण्याआधीपासून पाहून राह्यलो होतो."

देशमुखांना तीस माणसांसमोर उघडं पाडणारा हा माणूस. मी चिडून म्हणालो, "मग तिला सांगितलं का नाही?"

"काय सांगू?" त्यांनी पानावरची वाटी उगीच सरळ केली. "यायचं नाही म्हणाली असती, तर मी काय उत्तर देणार होतो, ताम्हाणे? कॅन्सल झालं म्हटलं की 'बरं' म्हणता येते." थोड्या वेळानं म्हणाले, "आई नसलेल्या घरात यायला तिला जमत नसंल. मला तरी कुठे जमते? पण माझं घरच हे आहे."

तेवढ्यात फोन वाजला. केतकीच होती. त्यांनी स्पीकर लावला, बहुधा मी समोर होतो म्हणून.

"बाबा, आय फील टेरिबल. अजून स्नो पडतोय?"

बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या अंगणात कोणीतरी गाडी धुवत होतं. पिंपळापुरे उठले, खिडकीशी गेले आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला. फट राहिली होती, तीही हातानं मिटवली. मग त्या पडद्यासमोर उभं राहून म्हणाले, "इथून तर काहीच दिसत नाही, बेटा. बरं झालं, निघाली नाहीस."