आप्पांचा बाबग्या

आमचे शेजारी आप्पा रोज दिवाबत्ती झाली की कॉम्प्युटरपुढे हात जोडून गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, आज तरी ह्या बाबग्याक बुद्धी दी." बाबग्या, म्हणजे पोरगा, हे त्यांच्या न्यूरल नेटवर्कचं नाव; आकडे दाखवून शिकवायचा कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. मुंबईच्या सरकारी नोकरीत आप्पांनी जन्मभर जन्म-मृत्यूचे आकडे मांडले. निवृत्त होऊन मालवणात आले आणि तेच आकडे बाबग्याकडून घोटवून घेऊ लागले. देशातल्या बाईला पुढे सरासरी किती मुलं होतील, ते त्याने सांगायचं. चुकला की आप्पा पोटच्या पोरासारखे रागावतात आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. "शिकतलो. घाई कित्याक?"

पडद्यावरची बाबग्याची मुलांच्या आकड्याची रेघ मात्र खालीच जाते. वाडीला त्या रेघेशी काय देणंघेणं! वाडीला हवा होता आप्पांच्या घरचा आकडा. मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. सून वैशाली कुडाळला कारखान्यात कामाला. बसची वाट बघत उभी राहिली तरी बायका तिला वैद्य सुचवायच्या. चहाला आलेल्या एकाने तर आप्पांनाच विचारलं, तुमचं यंत्र सुनेचं काय सांगतं? "ता देशाचां सांगता. माझ्या सुनेचां सांगूक मी तेका शिकवूक नाय," म्हणत आप्पांनी त्या माणसापुढची अर्ध्या चहाची कपबशी उचलली. बरं केलं. मीही तेच केलं असतं.

यंदा जत्रेला देवळात गाऱ्हाणं चाललं होतं. गावचे मानकरी गावकार देवाकडे गावासाठी एकेक मागत होते, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. मध्येच त्यांनी घातलं, आप्पांच्या सुनेची कूस उजवू दे. खांबाशी उभ्या वैशालीची मान खाली गेली. आम्ही तोंड उघडायच्या आत आप्पा गरजले.

"नाय म्हाराजा!"

देवळात असं कोणी कधी बोललं नव्हतं. गावकार वळून बघू लागले. आप्पा पुढे झाले. "माझी सून हसत घराक येता, तितक्यान माझां घर भरता. तिच्यासाठी कोणी काय मागूचां नाय, म्हाराजा."

मी घसा फोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मागून बायकांचेही आवाज आले.

परतताना मी भीतभीत विचारलं, आप्पा, तुम्हाला नातवंड नको?

"व्हयां रे. रोज व्हयां. पण तिका कळाक नको."

घरी पोचताच त्यांनी चपला काढल्या, कॉम्प्युटर लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

"चल रे बाबग्या, काल खंय पावलेलो आपण?"