पॉलिशचा दुसरा हात

पाहुणे येणार म्हटल्यावर प्रकाशा गावच्या अमृत मास्तरांनी पॉलिशवाचून काही सोडलं नाही. बूट चमकले, समई लखलखली, घरची तूरडाळ काळपट दिसते म्हणून बाजारातून पॉलिशची डाळ आली. लेक दीपमालेनं नेलपॉलिश लावलं. सुतारानं पॉलिश केलेल्या सागवानी बाकावर मास्तरांनी त्याच सकाळी स्वतः दुसरा हात मारला. उरली बायको.

"नाशिकना लोक शेतस. तू निस्तं नमस्कार म्हन. शे-बिशे काढू नको," मास्तरांनी तिला अहिराणीतच बजावलं.

"मंग मन्हा तोंडले बी पॉलिश लाई द्या ना," म्हणत कौसाबाई आत गेली. तिला लागलं होतं. पण कॉलेजातला हा नवनीत लेकीच्या मनात भरला होता, आणि आपल्या बोलण्यानं सोयरीक मोडायला नको. तिनं तोंडाला कुलूप घातलं.

नवनीतचे वडील बाकावर बसले, आई शेजारच्या खुर्चीवर.

"यंदा हवामान कसे आहे?" त्यांनी विचारलं.

"अत्यंत उत्तम आहे," मास्तर म्हणाले.

मग सगळे पंख्याकडे बघत बसले. कौसाबाईनं नमस्कार केला, विहीणबाईंनी नमस्कार केला, संपलं. चहा झाला. "बरं, निघावं म्हणतो," वडील म्हणाले. दाराआड दीपमालेचा पडलेला चेहरा कौसाबाईला दिसला.

वडील उठू लागले. उठेनात. पुन्हा जोर लावला, तसा बाकही थोडा उचलला गेला.

"मी चिकटी गवू," ते हळूच म्हणाले.

कौसाबाईचं कुलूप तुटलं. "हालू नका, पँट फाटी जाई! बठी ऱ्हा, आते जेईसनच उठा."

मास्तरांनी डोळे मिटले. पण पाहुणे तिच्याकडे टक लावून बघत होते. "मन्ही माय आशीच बोले," ते म्हणाले. "सारंगखेडानी व्हती."

"मास्तरनं घर शे, शुद्ध बोला, आशे मीच यासले सांगेल व्हतं," विहीणबाई लाजून म्हणाल्या.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मास्तरांनी धोतर आणून दिलं. पँट बाकावरच राहिली, तिचे मालक मात्र सुटले आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मागू लागले. विहीणबाई चुलीपाशी कौसाबाईच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुमनी दीपमालाले आते आमनी म्हनू का?" त्यांनी विचारलं.

कौसाबाईला आता कोणाची बंदी नव्हती. तरी तिनं नुसता विहिणीचा हात धरला, पिठानं भरलेल्या हातानंच.